‘संकल्पना’ कुठे लिहावी आणि कुठे खोडावी

‘संकल्पना’ म्हणजे नेमके काय? ‘कल्पना’, ‘संकल्प’, ‘संज्ञा’, ‘संबोध’, ‘धारणा’ यांच्याहून हा शब्द वेगळा कसा आणि कोणत्या वाक्यात कोणता वापरावा? प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. सोबत तिने आपल्या प्रबंधातले एक वाक्य दिले आहे : ‘ग्रामीण भागात आरोग्यविम्याची संकल्पना कमी आहे.’ मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ ओढली, कारण मात्र सांगितले नाही.

पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ आणि प्रबंध यांचे संपादन हा माझा व्यवसाय. या शब्दाशी माझी गाठ रोज पडते आणि खरे सांगायचे तर तो लिहिण्यापेक्षा खोडण्याचेच काम जास्त असते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी गाभा. वेगवेगळ्या गोष्टींत समान काय आहे ते हेरायचे, त्यात काय मोडते आणि काय मोडत नाही याची हद्द आखायची. अशी हद्द आखून मनाने जी रचना केली, ती संकल्पना. ‘न्याय’, ‘वेग’, ‘नागरिकत्व’, ‘कर्ज’ या संकल्पना आहेत. यांतली एकही हातात धरता येत नाही, पण अमुक गोष्ट तिच्यात बसते की नाही यावर वाद घालता येतो. शेजारणीकडून उसने आणलेले वाटीभर पीठ हे कर्ज आहे का? मित्राने परत न मागण्याच्या बोलीवर दिलेले पैसे? वाद घालता येतो, म्हणजे हद्द आहे. हद्द आहे, म्हणजे संकल्पना आहे. ही माझी पहिली कसोटी.

कल्पनेला अशी हद्द लागत नाही. ‘गच्चीवर बाग करू या’ ही कल्पना. ती छान असेल, खुळचट असेल, खर्चिक असेल. पण तिच्यात काय मोडते, असे कोणी विचारत बसत नाही. म्हणून मराठीत कल्पना सुचते आणि संकल्पना मांडावी लागते. शंका आली की आधी क्रियापद पाहावे. कल्पना सुचते, येते, लढवली जाते, उचलली (म्हणजे चोरली) जाते. संकल्पना मांडतात, स्पष्ट करतात, तपासतात. ती रुजते, विकसित होते, कालबाह्य होते. ‘आंघोळ करताना मला एक संकल्पना सुचली’ हे वाक्य कानाला खटकते ते याचसाठी.

दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृतात ‘कॢप्’ असा धातू आहे : जुळणे, नीट बसणे, घडणे. त्याचे ‘कल्पयति’ म्हणजे जुळवतो, रचतो. कल्पना, संकल्प, विकल्प, प्रकल्प, परिकल्पना, कल्पक, काल्पनिक ही सगळी त्याचीच प्रजा. म्हणजे मुळात ‘कल्पना’ ही मनाने केलेली जुळवणी आहे; मनात उगाच तरंगून गेलेले काहीतरी हा अर्थ नंतरचा.

आणि इथे एक गंमत आहे. आज आपण ‘संकल्पना’ म्हणतो त्याच्या अगदी जवळचा अर्थ एकेकाळी नुसत्या ‘कल्पना’ या शब्दाला होता. बौद्ध तर्कपरंपरेतला दिङ्नाग, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा, प्रत्यक्ष ज्ञानाचे लक्षण सांगतो : ‘प्रत्यक्षं कल्पनापोढम्’. अपोढ म्हणजे दूर सारलेले. ज्यातून कल्पना वगळली आहे ते प्रत्यक्ष. इथे कल्पना म्हणजे स्वप्नरंजन नव्हे. समोर आलेल्या गोष्टीला नाव, जात, गुण जोडण्याची मनाची क्रिया, असा तिचा अर्थ आहे. डोळ्यांपुढे जे काही आले तेवढेच प्रत्यक्ष. ‘पांढरी गाय’ म्हटले रे म्हटले की कल्पना सुरू झाली, कारण ‘गाय’ हा शब्द त्या एका जनावरापुरता नाही. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांचे म्हणणे निराळे. सगळ्या गायींत ‘गोत्व’ नावाचे सामान्य, म्हणजे सर्वांत समान असलेले तत्त्व, असते आणि ते खरोखरच असते, असे ते मानत. बौद्धांना हे मान्य नव्हते. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि त्यातून भारतीय तर्कशास्त्र घासूनपुसून निघाले. आपल्या प्रश्नापुरते त्यातले इतकेच उचलू : गाय दूध देते, गोत्व देत नाही, पण गोत्वासारखे काहीतरी मनात असल्याशिवाय पुढची गाय ‘गाय’ म्हणून ओळखू येत नाही. ‘अमूर्त’ म्हणजे काय, हे याहून सोपे करून मला सांगता येणार नाही.

यावरून एक उपप्रश्न नेहमी निघतो. संकल्पना अमूर्तच असते, मग ‘अमूर्त संकल्पना’ ही द्विरुक्ती नाही का? काटेकोर पाहिले तर आहे. झाड मूर्त आहे, पण ‘झाड’ ही संकल्पना अमूर्तच. तरीही ‘न्याय’ आणि ‘झाड’ यांत फरक करायचा असतो. एकीची उदाहरणे बोट दाखवून सांगता येतात, दुसरीची तशी सांगता येत नाहीत. तो फरक सांगायचा असेल तिथे ‘अमूर्त संकल्पना’ जाऊ द्यावी. नुसते वजन यावे म्हणून ‘अमूर्त’ लावले असेल तर काढावे.

मग कल्पना हा शब्द असताना ‘सं’ जोडायची गरज का पडली? कारण मराठीत ‘कल्पना’ फार कामाला लागली. ‘मला काही कल्पना नाही’ म्हणजे ठाऊक नाही. ‘आधी कल्पना द्यायला हवी होती’ म्हणजे सूचना. ‘कल्पना करा की तुम्ही राजे आहात’ म्हणजे क्षणभर धरून चला. ‘ही निव्वळ कविकल्पना’ म्हणजे खरे नव्हे. ‘कवितेची मध्यवर्ती कल्पना’ म्हणजे आशय. इतक्या दारी राबणाऱ्या शब्दावर शास्त्राचे ओझे टाकले की वाचक गोंधळतो. ‘बलाची कल्पना’ म्हणजे बलाविषयी साधारण माहिती, की भौतिकशास्त्रातली ती आखीव गोष्ट? १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय उभे राहिले, पुढे विषयवार परिभाषा कोश निघत गेले, १९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आला. शास्त्रे मराठीतून लिहायची तर अशा कामाला स्वतंत्र शब्द हवाच होता. ‘संकल्पना’ त्या जागी पक्की बसली.

पण बसताना ती ‘संकल्पा’च्या शेजारी बसली, आणि दुसरा गोंधळ तिथून सुरू होतो. संकल्प म्हणजे करण्याचा निश्चय. पूजेच्या आरंभी यजमान देश, काल, नाव, गोत्र सांगून ‘मी अमुक कर्म करतो’ असे म्हणत पाणी सोडतो, तो संकल्प. (वेदान्ताच्या ग्रंथांत मात्र ‘संकल्प-विकल्प’ हे चंचल मनाचे काम आणि निश्चय हे बुद्धीचे. तिथला संकल्प इतका ठाम नाही. शब्द शास्त्र बदलले की स्वभाव बदलतात, त्याला इलाज नाही.) आजच्या मराठीत संकल्प ठामच आहे. भारताच्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता यांचा उच्चार करून ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’ असे शब्द येतात. फरक समजून घ्यायला याहून चांगला उतारा सापडणार नाही : न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता या संकल्पना, त्या प्रत्यक्षात आणण्याचा जो निश्चय, तो संकल्प.

म्हणून ‘संकल्पित’ हे विशेषण संकल्पाचे आहे, संकल्पनेचे नाही. ‘संकल्पित महामार्ग’ म्हणजे करायचा ठरलेला महामार्ग. ‘अर्थसंकल्प’ही त्याच बाजूचा. सरकारी कामकाजात आणखी एक शब्द भेटतो, ‘संकल्पचित्र’. धरण, पूल, इमारत यांच्या बांधकामाच्या आराखड्याला तो वापरतात. जलसंपदा विभागाची नाशिकला मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. उलट शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न असतो : मधल्या चौकटीत ‘निवडणूक’, भोवती रिकाम्या चौकटी. एका ‘ना’चा फरक. एकात धरणाची भिंत किती जाड हे ठरते, दुसऱ्यात परीक्षेचे दोन गुण. मुद्रितशोधकाने इथे डोळ्यांत तेल घालावे.

आता संज्ञा. हा भाग नीट वाचावा, कारण प्रबंधांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. संज्ञा म्हणजे नाव. शास्त्राने ठरवून दिलेला शब्द. पाणिनीचे पहिलेच सूत्र ‘वृद्धिरादैच्’ हे संज्ञासूत्र : आ, ऐ, औ या स्वरांना ‘वृद्धी’ म्हणायचे, बस्स. संकल्पना म्हणजे त्या नावामागचा आशय. नाव एक आणि आशय अनेक असे होऊ शकते. आशय एक आणि नावे दोन असेही होते. शालेय विज्ञानात ‘त्वरण’ म्हणतात, विश्वकोशात ‘प्रवेग’ म्हणतात. वेग बदलण्याचा दर हीच संकल्पना, संज्ञा दोन. हे सोपे आहे. अवघड आहे ते पहिले, नाव तेच आणि आत माल निराळा.

‘स्वराज्य’ घ्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्या तीन बाबींच्या : चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य. या सनदेतले स्वराज्य म्हणजे मुलूख. छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यातला प्रदेश, ज्याची यादी करता येते, नकाशावर रेघ मारता येते. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्ष दादाभाई नौरोजी ‘स्वराज’ हे ध्येय म्हणून सांगतात तेव्हा मुलुखाचा प्रश्नच नसतो. ब्रिटन किंवा तिच्या वसाहतींत आहे तसा लोकांचा स्वतःचा कारभार, असा अर्थ असतो. तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, गांधीजी ‘हिंद स्वराज’ लिहितात. इंग्रजांना घालवून त्यांचीच राज्यपद्धती ठेवली तर ते स्वराज्य नव्हे, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या लेखी स्वतःवरचे राज्य, मनाचा संयम, हाही स्वराज्याचाच भाग. आणि १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापणारे टिळक स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणतात. शब्दावर जोर देऊन पाहा : हक्क. मुलूख जिंकतात, कारभार चालवतात, संयम अंगी बाणवतात, हक्क मिळवतात. चौघांची क्रियापदे चार.

अशा विषयावर लिहिताना ‘स्वराज्य ही संज्ञा जुनी आहे, पण तिची संकल्पना बदलत गेली’ हे वाक्य बरोबर. ‘स्वराज्य ही संकल्पना शिवकालापासून चालत आली आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मी पानाच्या समासात विचारतो : कोणती? सनदेतली की होमरूलची? याचे उत्तर लेखकाकडे असेल तर प्रकरण सुधारते. नसेल तर निदान एक वाक्य तरी कमी होते.

‘व्याख्या’ हा त्यातला तिसरा. संकल्पनेची हद्द मोजक्या शब्दांत आखून दिली की ती व्याख्या. संज्ञा, व्याख्या, संकल्पना हे तीन वेगळे ठेवले तर तांत्रिक लेखनातला निम्मा गुंता सुटतो. इथे हिंदीपासून जपायला हवे. हिंदीत ‘परिभाषा’ म्हणजे आपली व्याख्या, आणि हिंदीतली ‘व्याख्या’ म्हणजे आपले विवरण. मराठीत ‘परिभाषा’ म्हणजे एखाद्या शास्त्राचा शब्दसंभार. ‘लोकशाहीला परिभाषित करा’ असे मराठीत आले की समजावे, भाषांतर हिंदीवरून झाले आहे. ‘संज्ञा’चेही तसेच, हिंदी व्याकरणात संज्ञा म्हणजे नाम. शिवाय मराठीत संज्ञेला शुद्ध, जाणीव असाही अर्थ आहे, ‘संज्ञाहीन’, ‘संज्ञाप्रवाह’ यांत तो आहे. वाक्यात कुठली संज्ञा आहे ते सहसा आपोआप कळते, त्याची फार काळजी करू नये.

‘अवधारणा’ हाही हिंदीचा पाहुणा. गेल्या काही वर्षांत तो मराठी वर्तमानपत्रांत आणि सरकारी भाषांतरांत डोकावू लागला आहे. हिंदीत तो संकल्पनेसाठी रूढ आहे, तिथे तो शोभतो. मराठीत ‘अवधारणे’ या क्रियापदाचा जुना अर्थ लक्षपूर्वक ऐकणे. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्याच ओवीत ‘म्हणे निवृत्तिदासु। अवधारिजो जी’ आहे, म्हणजे ‘ऐकावे जी’. घरात ‘संकल्पना’ असताना ‘अवधारणा’ला मराठीत जागा देण्याचे कारण मला दिसत नाही.

‘धारणा’ मात्र आपली आहे, आणि तिचे काम वेगळे आहे. धारणा म्हणजे मनात धरून ठेवलेला समज. ती बरोबर असते किंवा चूक असते. ‘ग्रहणात जेवू नये अशी त्यांची धारणा आहे’ इथे संकल्पना चालणारच नाही. उलट ‘ग्रहण’ ही संकल्पना. ती खरी-खोटी नसते, स्पष्ट किंवा अस्पष्ट, उपयोगी किंवा निरुपयोगी असते. खरे-खोटे ठरते ते विधान. ही दुसरी कसोटी : शब्दापुढे ‘चुकीची’ लावून पाहा. ‘चुकीची धारणा’ सहज जाते. ‘चुकीची संकल्पना’ म्हटले की बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या मनात गैरसमज हा शब्द असतो आणि तो लिहिणेच चांगले. (योगातली धारणा आणि कमाल जमीन धारणा कायद्यातली धारणा ही निराळी प्रकरणे. धरणे मात्र सगळीकडे आहे.)

‘संबोध’ शिक्षणशास्त्राच्या लोकांना प्रिय आहे. नववीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातले पहिले प्रकरण ‘भूमितीतील मूलभूत संबोध’ या नावाचे. बिंदू, रेषा, प्रतल यांविषयीचे. पुष्कळजण संबोध आणि संकल्पना एकच मानतात आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. मी स्वतः थोडा भेद पाळतो. ‘बुध्’ म्हणजे जाणणे, म्हणून शिकणाऱ्याच्या मनात जे तयार होते त्याला संबोध म्हणतो : ‘अपूर्णांकाचा संबोध या वयात पक्का होत नाही.’ शास्त्रात मांडलेले असते त्याला संकल्पना. एका पुस्तकात दोन्ही शब्द असतील तर हा भेद पाळावा, नाहीतर एकच घेऊन शेवटपर्यंत निभवावा. ‘परिकल्पना’ संशोधनात तपासून पाहण्यासाठी मांडलेले विधान; ‘गृहीतक’ तपासल्याशिवाय धरून चाललेले. यांच्यात आणि संकल्पनेत गल्लत क्वचितच होते.

व्याकरणातल्या भाववाचक नामाशी मात्र होते. ‘संकल्पना म्हणजे भाववाचक नामे ना?’ असे शिक्षकही विचारतात. नाही. भाववाचक नाम हा शब्दाचा प्रकार. गोडवा, गारवा, धांदल, माणुसकी, बावळटपणा. त्यातल्या ‘धांदली’ची संकल्पना मांडायला अजून कोणी बसलेले माझ्या पाहण्यात नाही. उलटपक्षी ‘कुटुंब’ हे व्याकरणाच्या हिशेबी साधे नाम, पण जनगणनेत ती चांगली काटेकोर संकल्पना आहे. सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, अशी तिथली हद्द आहे. रक्ताच्या नात्याची अट नाही. त्यामुळे एका वाड्यात दोन सख्खे भाऊ राहत असतील आणि चुली वेगळ्या असतील तर कुटुंबे दोन. एका खोलीत चार अनोळखी मुले राहून एकत्र स्वयंपाक करत असतील तर कुटुंब एक. घरच्यांना विचाराल तर भाऊ सांगतील, ‘आमचे एकच कुटुंब.’ तेही खोटे बोलत नाहीत. त्यांची कुटुंबाची संकल्पना नात्यावर उभी आहे, जनगणनेची चुलीवर. आणि मराठीत वाटण्या झाल्या की ‘वेगळी चूल मांडली’च म्हणतात, तेव्हा जनगणनेने काही परके आणले असेही नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम लांबवले, कारण प्रबंधात ‘संकल्पना’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागतो तो अशाच जागी. तुमच्या पाहणीत ‘कुटुंब’, ‘गरीब’, ‘शेतकरी’, ‘विमाधारक’ म्हणजे कोण, ही हद्द तुम्ही कुठे आखलीत? ते सांगणाऱ्या प्रकरणाला ‘संकल्पनांचे स्पष्टीकरण’ हे नाव अगदी योग्य आहे.

आता लाल रेघेकडे. ‘ग्रामीण भागात आरोग्यविम्याची संकल्पना कमी आहे.’ संकल्पना कमी किंवा जास्त होत नाही, ती मोजायची वस्तू नाही. पण व्याकरणापेक्षा मोठा दोष असा, की या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात आणि तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. लोकांना आरोग्यविमा म्हणजे काय हे ठाऊक नाही? मग लिहा : ‘आरोग्यविम्याविषयी माहिती कमी आहे.’ ठाऊक आहे, पण कोणी काढत नाही? मग ‘आरोग्यविमा काढण्याचे प्रमाण कमी आहे.’ की आजारपणासाठी आधीच पैसे भरून ठेवायचे आणि आजारी पडलो नाही तर ते परत मिळायचे नाहीत, हा विचारच लोकांच्या गळी उतरत नाही? मग ‘आरोग्यविम्याची संकल्पना अजून रुजलेली नाही.’ फक्त या तिसऱ्या अर्थी तुमचा शब्द टिकतो, तोही ‘कमी’ खोडून ‘रुजणे’ घातल्यावर. तुमच्याकडची आकडेवारी कोणत्या वाक्याची आहे ते पाहा आणि तेच ठेवा.

माझ्या टेबलावर येणाऱ्या मजकुरात याचीच भावंडे असतात. नमुना म्हणून एक सांगतो : ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात एकत्र कुटुंब ही संकल्पना लोप पावत असून विभक्त कुटुंब ही संकल्पना वाढत आहे.’ लोप काय पावते? एकत्र कुटुंब म्हणजे काय हे सगळ्यांना पक्के माहीत आहे, म्हणजे संकल्पना ठणठणीत आहे. घटली ती प्रत्यक्षातली कुटुंबे. ‘एकत्र कुटुंबे कमी होत आहेत, विभक्त वाढत आहेत’ एवढे पुरते, धकाधकीही गेली. मात्र ‘एकत्र कुटुंब या संकल्पनेत घरजावई मोडतो का?’ इथे शब्दाला हात लावायचा नाही, प्रश्न हद्दीचाच आहे.

कधी कधी शब्द गाळल्याने अर्थच उलटतो, म्हणून डोळे मिटून खोडू नये. ‘गावात स्त्री-पुरुष समानतेची संकल्पना रुजली’ आणि ‘गावात स्त्री-पुरुष समानता रुजली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात लोक बोलू लागले, मानू लागले. दुसऱ्यात सातबाऱ्यावर बायकोचे नाव लागले. ज्याचा पुरावा पहिल्यापुरता आहे त्याने दुसरे लिहू नये. अहवालांत हे सर्रास होते, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून.

‘ही’ आणि ‘ची’ यांतलाही भेद पाळण्यासारखा आहे. ‘स्वराज्य ही संकल्पना’ म्हणजे स्वराज्यालाच संकल्पना म्हणून पाहणे. ‘गांधीजींची स्वराज्याची संकल्पना’ म्हणजे कोणाच्या तरी मनातली तिची विशिष्ट मांडणी. ‘ची’ वापरली की कोणाची, हे वाक्यात किंवा आसपास असायला हवे. ‘विकासाची संकल्पना चुकली’ असे कोणी लिहिले की मी ‘कोणाची?’ एवढेच लिहून प्रत परत पाठवतो.

नाटका-चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘संकल्पना’ येते, संमेलनाची, अंकाची, एखाद्या जागतिक दिनाची ‘यंदाची संकल्पना’ येते. आतापर्यंतच्या हिशेबाने तिथे ‘मध्यवर्ती कल्पना’ किंवा ‘विषय’ म्हणायला हवे. पण तो वापर आता मुरला आहे, वाचकाचा गोंधळ होत नाही, आणि शब्दांच्या मागे काठी घेऊन धावण्यात अर्थ नाही. मी तो तसाच ठेवतो. जाहिरातीतली ‘घरबांधणीतली एक नवी संकल्पना’ मात्र वाचताना मनातल्या मनात खोडतो. बहुधा ती जास्तीच्या एका बाल्कनीची असते.

शेवटी लेखनाच्या बारीक गोष्टी. शब्द स्त्रीलिंगी. अनेकवचन ‘संकल्पना’च, ‘भाषा’सारखे. एकवचनी सामान्यरूप ‘संकल्पने-’ : संकल्पनेचा, संकल्पनेत, संकल्पनेमुळे. अनेकवचनी ‘संकल्पनां-’, आणि त्यावर अनुस्वार हवाच : संकल्पनांचा, संकल्पनांमध्ये. ‘संकल्पनाचा अर्थ’ असे लिहिणे चूक. ‘संकल्पनेंचा’ असे रूप नाही. समासात मूळ रूप राहते : संकल्पनाचित्र, संकल्पनाकोश. विशेषण ‘संकल्पनात्मक’ करावे. ‘सांकल्पनिक’ही दिसते, नियमाने ते बनते, पण वाचणारा एकदा अडखळतो. ‘संकल्पनीय’ कोणी लिहिले असेल तर विचारून घ्या, बहुतेक त्याला ‘कल्पनीय’ म्हणायचे असते.